अल्झायमरची आनुवंशिक जोखीम आणि तरुण खेळाडूचे ताट : गोव्यातल्या घराने सुरुवात कुठून करावी

आजी किंवा आजोबांना अल्झायमर झालेला असतो, मग घरातले कोणीतरी जनुक तपासणीचा किट मागवते, आणि रोज मैदानावर जाणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या रिपोर्टमध्ये ‘एपीओई ४’ असे, म्हणजे अल्झायमरची जोखीम वाढवणाऱ्या जनुक-प्रकाराचे नाव, छापून येते. अशा घरांसाठी हे लिहीत आहे. खेळाडूने ते वाचावेच, पण त्याला जेवण वाढणाऱ्या आईने, आजीने, काकीनेही वाचावे. आपल्याकडे या वयात स्वतःचे जेवण स्वतः ठरवणारी मुले थोडीच असतात.

रिपोर्ट आला की मोबाईलवर शोधाशोध सुरू होते. आठवडाभरात घरातला भात बंद होतो, पाव बंद होतो, मुलगा सकाळी उपाशीपोटी धावायला लागतो, कोणी सांगितले म्हणून कॉफीत चमचाभर खोबरेल तेल पडते. चाळीस-पन्नास वर्षांनी कदाचित येईल अशा आजाराच्या भीतीपोटी आज वाढणाऱ्या, घाम गाळणाऱ्या शरीराची उपासमार करणे मला अजिबात पटत नाही. हे जनुक असलेल्या खेळाडूने पोटभरच खायचे असते. फक्त पोटात कुठली चरबी जाते याकडे त्याने इतरांपेक्षा जास्त लक्ष द्यायचे. खालच्या सगळ्या पायऱ्या याच दोन गोष्टींसाठी आहेत.

पायरी १ : रिपोर्टमध्ये नेमके काय आहे ते समजून घ्या

एपीओई हे १९व्या गुणसूत्रावरचे जनुक. त्यापासून तयार होणारे प्रथिन रक्तात आणि मेंदूत कोलेस्टेरॉल व इतर स्निग्ध पदार्थांची ने-आण करते. या जनुकाचे २, ३ आणि ४ असे तीन मुख्य प्रकार आहेत. प्रत्येकाला एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. सगळ्यात जास्त लोकांत ३ हा प्रकार असतो. ४ या प्रकाराचा अल्झायमरशी असलेला संबंध १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिला.

एक प्रत असेल तर जोखीम साधारण दोन ते तीन पट, आणि दोन्ही प्रती ४ असतील तर आठ ते बारा पट, असे आकडे सांगितले जातात. ते मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासांतून आले आहेत. वेगवेगळ्या लोकसमूहांत हा परिणाम कमी-जास्त दिसतो, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा आपल्या मुलाला चिकटवू नका. ४ असूनही म्हातारपणी तल्लख राहिलेली माणसे आहेत, आणि ४ नसूनही आजार झालेली पुष्कळ आहेत.

याहून निराळा प्रकार म्हणजे एपीपी, प्रेसेनिलिन १ आणि प्रेसेनिलिन २ या जनुकांतले दोष. ते फार विरळा आढळतात, पण असले तर आजार बहुधा पासष्टीच्या आत, कधी चाळिशी-पन्नाशीतच दिसतो आणि आई किंवा वडिलांकडून मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी असते. घरात दोन-तीन पिढ्यांत इतक्या कमी वयात स्मृतिभ्रंश झाला असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी न्यूरॉलॉजिस्ट आणि जनुकीय समुपदेशकाला भेटा. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) न्यूरॉलॉजी विभाग आहे, तिथून सुरुवात करता येते.

घरबसल्या केलेल्या किटचा निकाल वैद्यकीय प्रयोगशाळेतून पडताळून घ्यावा. आणि अठरा वर्षांखालच्या धाकट्या भावंडाची तपासणी ‘आता केलीच आहे तर हिचीही करू’ म्हणून करू नका. मोठेपणी होणाऱ्या आणि आज ज्यावर औषध द्यायचे नाही अशा आजाराची तपासणी मुलांवर लादू नये, असेच या क्षेत्रातल्या तज्ज्ञांचे मत आहे. तो निर्णय तिचा तिने मोठी झाल्यावर घ्यायचा आहे.

अमुक खाल्ले की अल्झायमर टळतो, असे कुठल्याही आहाराबाबत सिद्ध झालेले नाही. मेंदूसाठी म्हणून खास आखलेल्या ‘माइंड’ आहाराची अमेरिकेत ६०४ ज्येष्ठांवर तीन वर्षे चाचणी झाली. २०२३ मध्ये निकाल आला, तेव्हा तो आहार घेणारे आणि थोडे कमी उष्मांक घेणारे दुसऱ्या गटातले लोक यांच्यात बुद्धीच्या चाचण्यांत ठळक फरक नव्हता. फिनलंडमधल्या ‘फिंगर’ अभ्यासात मात्र ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांना आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-कोलेस्टेरॉलवर देखरेख असे सगळे एकत्र दिले गेले आणि दोन वर्षांत थोडा पण खरा फायदा दिसला. ४ हा प्रकार असलेल्यांनाही तो झाला. म्हणजे एका पदार्थाकडून चमत्काराची अपेक्षा नको. आणि तुमचे मूल रोज दोन तास घाम गाळते आहे, याचा अर्थ मोठा वाटा ते आधीच उचलते आहे.

पायरी २ : आहार बदलण्याआधी रक्त तपासा

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची १४ बदलता येण्याजोगी कारणे मांडली. त्यांना आवर घातला तर जगातली सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू किंवा लांबू शकतात, असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल, त्याच वर्षी नव्याने आले. रक्तदाब, मधुमेह, दारू आणि डोक्याला होणारी इजा आधीपासूनच होती. एपीओई ४ असलेल्यांचे एलडीएल सरासरीने थोडे जास्त असते, म्हणून तरुण वयातही ते एकदा पाहून ठेवावे.

फॅमिली डॉक्टरांकडून या तपासण्या लिहून घ्या : लिपिड प्रोफाइल, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा), हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी १२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड. रक्तदाब मोजून घ्या. फेरिटिन मुलींच्या बाबतीत विसरू नका. लोह कमी असलेली धावपटू महिनोन् महिने ‘दम लागतो’ म्हणत राहते आणि प्रशिक्षक तिला आळशी ठरवतो. बी १२ शाकाहारी घरांत अनेकदा कमी निघते.

हे आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा. तीन महिन्यांनी लागतील.

पायरी ३ : आधी पोट भरले पाहिजे

पेडे-म्हापशाला, कांपालला किंवा फातोर्ड्याला सरावाला जाणाऱ्या मुलांची खरी अडचण जास्त खाण्याची क्वचितच असते. सकाळी चहा-बिस्किटे, कॉलेजच्या कँटीनमध्ये एक भाजी-पाव, दुपारी तीनला जेवण, साडेचारला मैदान. दिवसभराचा हिशोब मांडला तर शरीराला लागते त्याच्या पाऊणपटही पोटात गेलेले नसते.

खर्च होतो तेवढे आत गेले नाही तर शरीर हळूहळू एकेक काम बंद करत जाते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ असे नाव दिले. मुलीची पाळी अनियमित होणे किंवा थांबणे, पायाच्या हाडाला बारीक भेगा जाणे, वारंवार सर्दी-पडसे, झोप न लागणे, चिडचिड, वजन स्थिर असूनही धावण्याचा वेग मंदावत जाणे, या त्याच्या खुणा. पाळी तीन महिने चुकली तर ‘सराव जास्त आहे म्हणून’ असे म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

अंदाज असा ठेवा. रोज तासभर मध्यम सराव असेल तर किलोमागे ५ ते ७ ग्रॅम कर्बोदके लागतात, आणि एक ते तीन तास जोरदार सराव असेल तर ६ ते १० ग्रॅम. प्रथिने किलोमागे १.२ ते २ ग्रॅम. साठ किलोच्या फुटबॉलपटूला रोजच्या तासाभराच्या सरावाला ३०० ते ४२० ग्रॅम कर्बोदके आणि ७२ ते १२० ग्रॅम प्रथिने हवीत. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात कर्बोदके साधारण २८ ग्रॅम असतात, तेव्हा भात तोडून हा आकडा कसा गाठणार? उकड्या तांदळाचा भात दोन्ही वेळा ताटात राहू द्या. कोरगुट मिळाला तर उत्तमच. पोदेराकडची पोई मैद्याच्या पावापेक्षा बरी, कारण तिच्यात कोंडा असतो. साडेदहाची पेज ज्या घरांत अजून होते त्यांनी ती मुळीच सोडू नये, फक्त तिच्याबरोबर लोणच्याऐवजी उसळ किंवा अंडे द्यावे.

एपीओई ४ च्या नावाने इंटरनेटवर केटो आहाराची बरीच स्तुती दिसते. तरुण खेळाडूसाठी मी ती वाट नाकारते. कर्बोदके तोडली की वेगाने धावण्याची ताकद घटते, आणि चरबीवर जगताना अनेकांचे एलडीएल चढते, म्हणजे जिथे आपल्याला खाली यायचे आहे तिथेच आपण वर जातो. सोळा तास उपाशी राहण्याचा प्रयोगही या वयात, या कष्टांत नको. संकष्टी-एकादशीचा उपवास सामन्याच्या दिवशी आला तर घरातल्या मोठ्यांनीच ‘आज राहू दे’ म्हणावे. मुलाला स्वतःहून ते म्हणायला जड जाते.

पायरी ४ : नारळाचा हिशोब

गोव्यात हा विषय काढणे अवघड आहे आणि टाळणेही शक्य नाही. आपल्या स्वयंपाकात नारळ तीन रूपांत येतो : खवलेला, वाटून काढलेला रस, आणि खोबरेल तेल. या तिन्हींचा परिणाम सारखा नाही.

खोबरेल तेलात संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी, चरबी ८० टक्क्यांहून जास्त असते. एका मोठ्या चमच्यात ती ११ ते १२ ग्रॅम भरते. इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एलडीएल वाढते, हे चाचण्यांत वारंवार दिसले आहे. ‘खोबरेल तेल अल्झायमर बरा करते’ हा दावा मात्र चांगल्या चाचणीत टिकलेला नाही. तेव्हा कॉफीतला तो चमचा आजच बंद करा. रोजच्या फोडणीला आणि नुस्ते (मासळी) तळायला शेंगदाणा, मोहरी किंवा तांदळाच्या कोंड्याचे तेल वापरा. खोबरेल तेलाचा वास ज्या पदार्थाला हवाच, त्यात ते शेवटी अर्धा चमचा वरून घाला.

आता खवलेला नारळ. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ३० ग्रॅम संपृक्त चरबी असते. चार माणसांच्या हुमणाला दीडशे ग्रॅम खोबरे वाटले तर माणशी ११ ग्रॅमच्या आसपास जाते. जागतिक आरोग्य संघटना एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी संपृक्त चरबी घ्यायला सांगते. २,८०० उष्मांक खाणाऱ्या खेळाडूसाठी ते दिवसाला साधारण ३१ ग्रॅम झाले. एलडीएल खाली आणायचे असेल तर ६ टक्क्यांच्या आत, म्हणजे १८-१९ ग्रॅम. दुपारी हुमण, रात्री तोणाक, मध्ये सोलकढी आणि तळणीला खोबरेल तेल असा दिवस असेल तर दुपारच्या जेवणातच निम्म्याहून जास्त कोटा संपतो.

नारळ बंद करा असे मी म्हणणार नाही. कोणी करणार नाही आणि करायची गरजही नाही. नियम साधा ठेवा : वाटलेल्या नारळाचा पदार्थ दिवसातून एकाच जेवणात, आणि त्यातही नेहमीच्या निम्मे खोबरे. उरलेला दाटपणा भाजलेल्या कांद्याने किंवा उसळीतलेच चार चमचे अळसांदे वाटून आणता येतो. तांबड्या भाजीवर भुरभुरवलेल्या चिमूटभर खोबऱ्याने काही बिघडत नाही, ते मोजू नका.

आणि आपल्याकडे नारळाशिवायचे पदार्थ आहेतच, ते मागे पडले आहेत इतकेच. आंबट-तीक नारळाशिवाय होते. सोलकढीच्या ऐवजी फुटी कढी करा. आमसुलाचे पाणी, लसूण, मिरची, कोथिंबीर, वरून हिंगाची फोडणी. नारळाचा रस नाही तरी भाताबरोबर ती तितकीच चालते आणि उन्हातून आलेल्या मुलाला बरीही वाटते.

सासूबाई किंवा आजी स्वयंपाक करत असतील तर मुलासाठी वेगळे भांडे चढवू नका. हुमण सगळ्यांसाठीच कमी नारळाचे करा. एकट्याला वेगळे वाढले की त्याला रोज दोन वेळा आपण आजारी असल्याची आठवण होते, आणि एपीओई त्याच्याकडे ज्यांच्याकडून आले ती माणसेही त्याच पंक्तीला बसलेली असतात.

तळणाबद्दल थोडेच सांगते. कँटीनमधला पॅटिस, भजी, सामना जिंकल्यावरचा चोरीस-पाव यांत चरबी आणि मीठ दोन्ही भरपूर. महिन्यातून एक-दोनदा ठीक.

पायरी ५ : नुस्ते कुठले, किती आणि कसे

इथे गोव्याचे घर इतर अनेकांपेक्षा पुढे आहे. मेंदूच्या पेशींच्या आवरणात डीएचए नावाचे ओमेगा-३ स्निग्धाम्ल मोठ्या प्रमाणात असते आणि ते आपल्याला मुख्यतः तेलकट मासळीतून मिळते. त्यासाठी महागडा सॅल्मन मासा आणायची गरज नाही. बांगडा आणि तारली ही आपली सर्वांत चांगली मासळी आहे, आणि ती बाजारात स्वस्तही मिळते. आठवड्यातून दोनदा तरी ती खावीच, तीन-चार वेळा झाली तर आनंदच.

मोरी आणि मोठी इसवण यांच्यात पारा जास्त साठतो, कारण हे मासे लहान मासे खाऊन मोठे झालेले असतात. मोरीचे आंबट-तीक घरात आवडते असेल तर तोच मसाला बांगड्याला लावून पाहा, छान लागतो. सुंगटांत संपृक्त चरबी फार कमी असते, त्यांच्याबद्दलची भीती बाळगू नका. तिसऱ्यांत बी १२ आणि लोह भरपूर असते, फेरिटिन कमी निघालेल्या मुलीला आठवड्यातून एकदा तिसऱ्यांचे सुके द्या.

करायची पद्धत महत्त्वाची आहे. रवा लावून तेलात बुडवून तळलेल्या बांगड्याबरोबर तेलही पोटात जाते. रेशादचा मसाला भरून बिडाच्या तव्यावर दोन चमचे तेलात झाकून शिजवा, किंवा निखाऱ्यावर भाजा, किंवा केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर ठेवा. उडदामेथी ही नारळाच्या दिवसाची करी, ती त्या एका जेवणात बसवा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि नेमका तेव्हाच अनेक संघांचा मोसमापूर्वीचा सराव चालू होतो. पुढे श्रावण येतो, मग चवथ. म्हणजे अडीच-तीन महिने नुस्त्याचा भरवसा नाही. सुके बांगडे आणि सुक्या सुंगटांची किसमूर यांवर निभावून नेण्याची आपली रीत आहे, पण त्यांत मीठ फार असते. भिजवून पाणी दोनदा फेकावे आणि ते तोंडी लावण्यापुरतेच घ्यावे. खाडीतली, मानशीवरची मासळी मिळाली तर घ्या. जवस आणि अक्रोड यांतही ओमेगा-३ असते, पण शरीर त्याचे डीएचए फार थोडेच करू शकते, तेव्हा ते मासळीची जागा घेत नाहीत. ओमेगा-३ च्या गोळ्यांनी अल्झायमर टळतो असे दिसलेले नाही. आजार झालेल्या लोकांवर डीएचएची चाचणी झाली, २०१० मध्ये निकाल आला, तेव्हा आजार मंदावला नव्हता. पूर्ण शाकाहारी खेळाडूने शेवाळापासून काढलेल्या डीएचएबद्दल डॉक्टरांशी बोलावे, इतकेच.

पायरी ६ : शिवराक (शाकाहारी) दिवसांची तजवीज

सोमवार, चतुर्थी, श्रावण. या दिवसांत पोर वरण-भात आणि भाजी खाऊन उठते आणि प्रथिनांचा आकडा निम्म्यावर येतो. त्या दिवशी दर जेवणात एक ठळक प्रथिनाचा पदार्थ हवा. मुगागाठी, अळसांद्याचे तोणाक, चवळी, काळ्या वाटाण्याची उसळ हे सगळे आपलेच. पण वाटीभर पातळ उसळीत डाळ थोडी आणि पाणी जास्त असते. तीस ग्रॅम कोरड्या मुगांतून जेमतेम सात ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणून खेळाडूची वाटी मोठी आणि दाट असावी. तीस ग्रॅम सोयाच्या वड्यांत पंधरा ग्रॅम मिळतात, त्या तोणाकात सहज मिसळतात. वाटीभर दही, पेलाभर दूध जोडा. शिवराकाच्या दिवशी अंडे चालते का हे प्रत्येक घराने ठरवावे, चालत असेल तर दोन अंड्यांनी बारा ग्रॅम मिळतात.

पालेभाजी मात्र रोज, शिवराक असो वा नसो. तांबडी भाजी, मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला, पावसात टायकिळो आणि अळू. फळांत ब्लूबेरीसाठी पैसे घालवू नका. जांभळे, करवंदे आणि भिरंड यांच्या गडद रंगामागेही ब्लूबेरीतले अँथोसायनिन हे रंगद्रव्यच आहे, आणि ती तुमच्याच गावात पिकतात.

पायरी ७ : सरावाचा एक दिवस

संध्याकाळी साडेचार ते साडेसहा सराव असलेला, साठ किलोचा मुलगा धरू.

सकाळी नाचणीचे तिझण दुधात शिजवलेले, किंवा दोन नाचणीच्या भाकऱ्या, सोबत दोन अंडी आणि एक फळ. साडेदहाला डब्यातली पेज आणि उसळ, कॉलेजात ते जमत नसेल तर पोई, उकडलेले अंडे आणि मूठभर शेंगदाणे. दुपारी एकपर्यंत मुख्य जेवण : उकड्या तांदळाचा भरपूर भात, दोन बांगडे, पालेभाजी, फुटी कढी. साडेतीनला एक-दोन मयडेची केळी. सरावाच्या लगेच आधी चरबी आणि तंतू जास्त असलेले काही नको, पोटात दुखते.

सराव तासाभराचा असेल तर पाणी पुरते. दोन तासांचा, दमट उकाड्यातला असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. घरी करायचे तर लिटरभर पाण्यात भिरंडाचे आगळ चवीपुरते, सहा-सात चहाचे चमचे साखर आणि पाव चमचा मीठ, आणि सोबत एखादे केळे. साखर एरवी आवरायची, दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास. पण पळताना घेतलेली साखर स्नायू वापरून टाकतात, त्या दोन तासांत तिची धास्ती नको. महिन्यातून एकदा सरावाआधी आणि नंतर वजन करा. किलोभर घटले असेल तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी जायला हवे.

घरी पोचेपर्यंत तास जात असेल तर बॅगेत काहीतरी ठेवा. मडगावहून काणकोणला किंवा पणजीहून वाळपईला बसने जाणाऱ्या मुलांचे याच तासात नुकसान होते. दूध आणि केळे, किंवा चणे-गूळ आणि दही. मग साडेआठला भात किंवा भाकरी, दाट उसळ किंवा चिकन, भाजी. झोपायला दहा वाजलेले बरे. अपुरी झोप राहिली तर वरच्या सगळ्या कष्टांवर पाणी पडते.

सराव पहाटे सहाला असेल तर निघण्याआधी एक केळे आणि दोन खजूर पुरेत. पण आठला भरपेट न्याहारी झालीच पाहिजे.

पायरी ८ : बाटली, डबा आणि डोके

गोव्यात उर्राकच्या दिवसांत दारू घराघरात असते. ४ असलेल्या खेळाडूने ती अजिबात न घेणे चांगले. झोप आणि स्नायूंची भरपाई दोन्ही बिघडतात, आणि जास्त दारू स्मृतिभ्रंशाच्या त्या चौदा कारणांपैकी एक आहे. संघातली मुले आग्रह करतात हे मी जाणते. ‘माझ्या घरात आजार आहे, मी घेत नाही’ एवढे वाक्य पुरते, रिपोर्टबद्दल काही सांगायची गरज नाही.

प्रथिनांची पावडर अन्नातून आकडा गाठला जात नसेल तेव्हाच. जिममधल्या ओळखीच्याने दिलेला सुटा डबा घेऊ नका. राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्याची डोपिंग चाचणी नाडाकडून (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेकडून) कधीही होऊ शकते आणि भेसळीची जबाबदारी खेळाडूवरच येते. ‘ब्रेन बूस्टर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर एक रुपयाही घालवू नका, त्या पैशांत आठवड्याचे बांगडे येतात.

डोक्याचा विषय आहाराचा नाही, पण फुटबॉलवेड्या राज्यात तो सांगितल्याशिवाय हा लेख अर्धाच राहील. डोक्याला मार बसला, चक्कर आली, आठवेनासे झाले, डोळ्यांपुढे अंधारले, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचे नाही, सामना कितीही मोठा असो. डॉक्टरांनी सांगेपर्यंत हेडिंगही नाही. दुचाकीवर मागे बसतानाही हेल्मेट घाला.

पायरी ९ : तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी

नारळ-तेलाचा बदल आठ ते बारा आठवडे नेटाने पाळला की लिपिड प्रोफाइल पुन्हा करा. एलडीएल १०० च्या खाली असेल तर आहे तसेच चालू ठेवा आणि वर्षातून एकदा बघा. थोडे वर असेल तर नारळाचे जेवण दिवसाआड करून आणखी तीन महिने थांबा. १९० किंवा त्याहून जास्त असेल तर आहारावर विसंबू नका. ते आनुवंशिक कोलेस्टेरॉलचे लक्षण असू शकते, औषधाचा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा आहे. याच भेटीत वजन आणि मुलीची पाळी याबद्दलही बोला. एलडीएल उतरले पण सोबत चार किलो वजन आणि पळण्याचा वेगही उतरला, तर जेवण कमी पडते आहे, ते वाढवा.

मूल गप्प झाले असेल, रात्री जागून आजाराबद्दल वाचत बसत असेल, आजीच्या नावाने रडत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येते.

भेटीला जाताना जुने-नवे दोन्ही रिपोर्ट घ्या आणि मागच्या तीन दिवसांत काय-काय खाल्ले त्याची नोंद घ्या. त्यांतला एक दिवस सरावाचा, एक सुट्टीचा आणि एक शिवराकाचा असावा. कँटीनमधले, बसस्टँडवरचे, मित्राच्या घरचे सगळे त्यात मुलाने स्वतःच्या हाताने लिहावे, आणि घरातल्या मोठ्यांनी ती नोंद वाचून त्याला रागावू नये, नाहीतर पुढच्या खेपेला खरे लिहिले जाणार नाही.